तीन डोह आणि काठावरची लेक

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा प्राणी बोलत असत, आणि काही जण जरा जास्तच बोलत.

एका नदीत पाणमांजरांचं राज्य होतं. पाणमांजराच्या पिल्लाला पोहणं उपजत येत नाही, शिकवावं लागतं. म्हणून राजानं एकाच नदीच्या तीन डोहांवर तीन शाळा काढल्या होत्या. गुरुजी राजाचे, दुपारची मासळीही राजाची.

तिथल्या एका पाणमांजरिणीची लेक शाळेच्या वयाची झाली. झालं! नवऱ्यानं तिन्ही शाळांचे उंबरठे झिजवायला घेतले.

"वरच्या डोहात शेपटीवर फार भर देतात," तो म्हणाला.

"मग घाला तिथं."

"पण मधल्या डोहातली पिल्लं दम जास्त धरतात म्हणे. आणि खालच्या डोहाची वाळू मऊ आहे."

"अहो, शाळा बघताय की लेकीला स्थळ?" पाणमांजरीण वैतागली. "कुठंही घाला, पण पाण्यात घाला!"

तो ऐकेल तर शपथ. बगळ्यालासुद्धा विचारून आला. बगळा जन्मात पोहला नव्हता, पण मत द्यायला त्याचं काय जातंय? लेक बिचारी काठावर बसून नुसते पंजे भिजवायची. ते बघून आईचा जीव तुटायचा. एकदा ती स्वतःच लेकीला घेऊन निघाली, तर हा आडवा आला.

"घाई नको. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

कटकट नको म्हणून ती मागे फिरली.

उन्हाळा तापला, नदी आटू लागली. राजानं दवंडी पिटवली, "उद्या सगळ्यांनी घळीपलीकडच्या मोठ्या डोहाकडे निघायचं!" वाट एकच होती, कड्यांमधल्या घळीतली, आणि तीही पाण्यातून.

सकाळी सगळ्या पिल्लांनी धडाधड उड्या घेतल्या.

"आता सांगा," पाणमांजरीण नवऱ्याला म्हणाली, "यातलं कुठलं पिल्लू कुठल्या शाळेचं?"

त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. सगळीच सारखी पोहत होती. "नाही गं ओळखू येत."

"मला एक येतं."

काठावर त्यांची लेक एकटीच उभी होती.

पाणमांजरिणीनं तिची मानगूट तोंडात धरली आणि पाण्यात उतरली. तान्ह्या पिल्लांना नेतात, तसं त्या थोराड लेकीला सगळ्यांदेखत न्यावं लागलं. लेकीनं डोळे गच्च मिटून घेतले होते. बाप मागून मान खाली घालून पोहत राहिला.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: शाळा निवडण्यातच शिकायचे दिवस घालवू नयेत, कारण पोहणं येतं ते पाण्यात उतरल्यावरच.