झाफरानची कबर

“मग उस्ताद, दगड आत आणू का, तेवढं तरी सांगा!”

प्रोफेसर याकूब सिद्दी हे तिसऱ्यांदा विचारत होते. बिलालशा फकिरांनी मान काही वर केली नाही. त्यांचं आपलं चाललेलं... बधना, म्हणजे तोटीचा तांब्या, घ्यायचा, एका कबरीवरच्या सब्जाला पाणी घालायचं, की पुढच्या कबरीकडं सरकायचं.

समुद्राकाठी, गोरखचिंचेच्या सावलीत अशा बावीस कबरी. एकीवरही नाव नाही. फार मागे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या बावीस बायका, एकाच जहाजातल्या. त्यातली एक याकूबच्या घराण्याची मूळ बाई, एवढंच गावाला ठाऊक.

तिच्यापायी याकूबनी जन्म घालवला. झांजिबार पालथं घातलं. वेस्ट इंडीजच्या बेटांवर गुलामांचे कागद वाचून वाचून डोळ्यांना जाड भिंगं लागली. पोटच्या लेकीच्या लग्नालासुद्धा पाहुण्यासारखे उशिरा पोचले. पुस्तकं झाली, शाली झाल्या. आता शेवटचं पुस्तक अडलं होतं एका फोटोपायी. तिची कबर, आणि वर तिच्या नावाचा दगड.

दगड बाहेर रिक्षात पडलेला. आणि म्हातारा बोलेल तर शपथ! त्यातून लहानपणी अलिफ-बे शिकवलेला उस्ताद. ओरडणार तरी कसं?

“नाव काय म्हणालास तिचं?”

“झाफरान! मघापासून तेच सांगतोय. पश्चिमेकडून तिसरी कबर. जुन्या कागदात चक्क लिहिलंय.”

“आणि बाकीच्यांची?”

“बाकीच्यांची नावंच नाहीत कागदात. त्याला मी काय करू?”

“हं...”

फकिरांनी तिसरीला घातलं तेवढंच पाणी चौथीला घातलं. मग पाचवीकडं वळले.

“अहो, तिसरी म्हणालो ना मी!”

“बहिरा नाही झालो अजून. तू पोरपणीही असाच. धडा राहिला बाजूला, आधी शेवटचं पान उघडायचास.”

याकूबचं डोकंच फिरलं. त्यांनी म्हाताऱ्याच्या हातून बधना ओढून घेतला, तरातरा मागं गेले आणि होतं नव्हतं ते सगळं पाणी तिसऱ्या कबरीवर ओतलं.

“ही! ही झाफरान! तीस वर्षं घातली मी हिच्यासाठी!”

पाणी सब्जाच्या मुळाशी जिरलं. पाचवीपासून पुढच्या कबरींवरची माती कोरडी ठणठणीत.

फकीर गुडघे चोळत खाली बसले.

“याकूब, चाळीस वर्षं मी सगळ्यांना पाणी घालतोय. कुठली तिची ते ठाऊक नव्हतं, म्हणून.”

फकिरांनी याकूबच्या हातातल्या रिकाम्या बधन्याकडं आणि मग कोपऱ्यातल्या विहिरीकडं बोट केलं.

“आता तू शोधून काढलीस. बरं झालं. या उरलेल्या एकवीस जणींना काय सांगायचं, तेवढं मात्र तूच सांग... मला नाही जमायचं.”