महाराजांच्या मोटरीचं खरं पुस्तक

महाराजांच्या होडीची मोटर भर खाडीत बंद पडली, आणि तीही शेजारच्या संस्थानचे राजे पाहुणे म्हणून होडीत बसलेले असताना!

शेवटी धाकू खारव्याने आपली होडी पुढे घातली आणि दोन्ही राजांना दोरीने ओढत काठाला आणलं. धाकू म्हणजे लोकांना खाडीपार नेणारा नावाडी. साधा माणूस. महाराजांचा चेहरा बघून त्याला वाटलं, दोन शब्द धीराचे बोलावेत.

"मोटरीचा काय दोष महाराज? तिचं खरं पुस्तकच कुणाजवळ नाही."

"अस्सं!" महाराज म्हणाले. "मग तूच शोधून दे!"

ती मोटर सोळा वर्षांपूर्वी विलायतेहून आली होती. बरोबरचं पुस्तक वाळवीने खाल्लं. मग तीन मिस्त्र्यांनी ती अंदाजाने उघडली, आणि दर खेपेला पुन्हा जोडल्यावर दोन स्क्रू उरले. महाराजांनी ते सहाही स्क्रू चांदीच्या डबीत जपून ठेवले होते.

दवंडी पिटली. तीन पुस्तकं आली. महाराजांनी हुकूम सोडला, "यातलं खरं पुस्तक धाकूने निवडायचं. मोटर न उघडता! चौथ्यांदा चुकीची उघडली तर ती भंगारात जाईल. निवड चुकली, तर धाकूची होडी जप्त!"

धाकू घरी आला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून निजला. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. त्याची मुलगी बायजा, तिलाही येत नव्हतं.

"बाबा, उठा. पेज निवतेय," बायजा म्हणाली. "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी! मोटर चौरंगावर मांडली होती, शेजारी दरबारचा कारकून बसला होता. पहिल्या विक्रेत्याचं पुस्तक चामडी बांधणीचं, वर सोनेरी अक्षरं. दुसऱ्याचं उशीएवढं जाड, पानोपानी रंगीत चित्रं. तिसरं गलबत हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या सारंगाने आणलेलं. त्याला पुठ्ठाच नव्हता, आणि तेलाचे डाग मात्र भरपूर होते.

"वाचता येतं का गं तुला?" महाराजांनी विचारलं.

"नाही महाराज. पण कारकूनकाकांना येतं. मी विचारीन, पुस्तक सांगेल, काका वाचतील."

"विचार!"

"काका, मोटरीच्या वरच्या झाकणाला स्क्रू किती, ते तिन्ही पुस्तकांना विचारा."

कारकुनाने चष्मा लावला. सोनेरी पुस्तक म्हणालं आठ. जाड पुस्तक म्हणालं सहा. तेलकटही म्हणालं सहा. बायजा वाकून मोजू लागली.

"चारच स्क्रू आहेत!" पहिला विक्रेता ओरडला. "म्हणजे तिन्ही खोटी!"

"मी स्क्रू नाही मोजत, भोकं मोजतेय," बायजा म्हणाली. "स्क्रू महाराजांच्या डबीत जातात. भोकं कुठे जातील? भोकं सहा आहेत."

सोनेरी पुस्तक बाजूला झालं. महाराज पुढे सरकून बसले.

"आता विचारा, मोटर सुरू कशी करायची?"

जाड पुस्तक म्हणालं, उजव्या अंगाचा खटका दाबा. तेलकट म्हणालं, वरच्या चाकाला दोरी गुंडाळून ओढा. मोटरीच्या उजव्या अंगाला खटका नव्हता.

"गळून पडला असेल!" दुसरा विक्रेता म्हणाला. "सोळा वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

"खटका गळला असेल, शेटजी. पण तो बसवायची जागासुद्धा गळली?"

विक्रेता मोटरीभोवती दोनदा फिरला. मग खाली बसला.

"महाराज, हे तेलकट पुस्तक घ्या," बायजा म्हणाली.

महाराजांना ते मनातून आवडलं नव्हतं. सोनेरी पुस्तक दिवाणखान्यात शोभलं असतं. पण त्यांनी मिस्त्र्याला हुकूम दिला, "यात लिहिलंय तसंच कर. आणि धाकू, मोटर चालली नाही तर होडीची आशा सोड!"

तीन दिवस कारकून वाचत होता आणि मिस्त्री करत होता. बायजाने बापाला सांगितलं, काळजी करू नका. स्वतः मात्र तीन दिवस धड जेवली नाही. चौथ्या दिवशी सगळी मोटर जोडून झाली. डबी रिकामी होती. मिस्त्र्याने दोरी ओढली. काही नाही. धाकूने डोळे मिटले. दुसऱ्यांदा ओढली. खोकल्यासारखा आवाज. तिसऱ्यांदा ओढली आणि खाडीवरचे सगळे बगळे एकदम उडाले!

महाराजांनी बाप-लेकीला आणि कारकुनाला होडीत बसवलं आणि खाडीचे दोन फेरे मारले. मग आवाज चढवून विचारलं, "बायजा, भोकं बाहेरची होती. मोटरीच्या पोटातलंही त्या पुस्तकाला ठाऊक असेल, ही खात्री तुला कशी?"

"मी निवडीच्या आदल्या संध्याकाळीच काकांना तिन्ही पुस्तकांची पहिली पानं वाचायला लावली होती, महाराज. सोनेरी पुस्तक म्हणालं, मला जगातल्या सगळ्या मोटरी येतात. जाड म्हणालं, मला या कंपनीच्या जुन्या-नव्या सगळ्या येतात. तेलकट म्हणालं, मला बाराशे ते एकोणीसशे नंबरच्याच येतात, बाकीच्यांना माझ्या भरवशावर हात लावू नका. आपल्या मोटरीवर कोरलेला नंबरही काकांनीच वाचला, सतराशे चाळीस."

"एवढ्यावरून तू ओळखलंस?"

"गेल्या साली मला एक स्थळ आलं होतं, महाराज. मुलगा म्हणाला, मला सगळं येतं."

"मग?"

"त्याला मी नारळ देऊन परत पाठवला!"

महाराज असे हसले, असे हसले, की होडी डुलू लागली आणि धाकूने दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. हसू आवरल्यावर त्यांनी तिथल्या तिथे कारकुनाला हुकूम लिहायला सांगितला: धाकूची होडी धाकूकडेच राहील, सागवानाची एक नवी होडी बायजाच्या नावे बांधून मिळेल, आणि यापुढे सरकारी मोटरीला कुणीही हात लावण्याआधी बायजा खारवीला विचारील!