नागोजीरावांचा अखंड पंखा

"लिंब्या, पंखा थांबला!"

भर दरबारात नागोजीराव महाराज गरजले, आणि दाराबाहेर बसून छताला टांगलेल्या पंख्याची दोरी ओढणाऱ्या लिंबाजीने दचकून दोरी पुन्हा ओढायला घेतली. बिचाऱ्याचा उजवा हात भरून आला म्हणून त्याने दोरी डाव्या हातात घेतली होती, एवढंच! पण तेवढ्यात महाराजांच्या कपाळावर घामाचा थेंब आला, आणि राजाच्या कपाळावरचा घाम म्हणजे साऱ्या राज्यावरचं संकट!

"उद्या दरबार भरल्यापासून उठेपर्यंत पंखा अखंड हलला पाहिजे. क्षणभर जरी थांबला, तर तुझी नोकरी गेली. राजवाड्यामागची खोलीही रिकामी करायची!"

लिंबाजी तोंड पाडून घरी आला. त्याची लेक ठकू भाकऱ्या थापत होती.

"पोरी, बिऱ्हाड आवर," म्हणून त्याने सगळं सांगितलं. "हात बदलला न्हाई, तरी पंखा थांबतोच की! टोकाला गेला की जरा थबकतो, मगच माघारी फिरतो. वीस वर्सं बघतोय मी. न थांबणारा पंखा ब्रह्मदेवालाबी ओढता यायचा न्हाई!"

ठकूला बापाची कीव आली आणि महाराजांचा भारी राग आला. पंखा ओढायचा एकाने, वारा खायचा दुसऱ्याने, आणि वर हा तोरा!

"उद्या दोरी मी ओढते, बा. तुझा हात दुखतोय," ती म्हणाली.

सकाळी दरबार भरला. ठकूने दोरी हातात घेतली, पण ओढायच्या आधी मुजरा करून विचारलं, "सरकार, पंखा थांबला का न्हाई, हे बघणार कोण?"

"मी स्वतः! दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

"अखंड बघणार?"

"अखंड!"

"आणि आपलं बघणंच मधी थांबलं तर?"

पोरीचा धीटपणा पाहून महाराजांना गंमत वाटली. "थांबलं तर तू जिंकलीस! नोकरी कायम, वर मागशील ते. हा माझा शब्द!"

झालं! महाराज डोळे वटारून पंख्याकडे बघत बसले. ठकूने दोरीला असा काही हिसका दिला, की वाऱ्याचा झोत थेट त्या उघड्या डोळ्यांवर! पंखा टोकाला गेला, थबकला. "थांब..." म्हणून महाराज ओरडणार, तोच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापण्या मिटल्या.

"थांबलं!" ठकूच आधी ओरडली.

"काय थांबलं?"

"सरकारांचं बघणं!"

"अगं, ती पापणी लवली!" महाराज उसळून म्हणाले. "पापणी घडोघडी लवतेच. म्हणून काय मी बघायचा थांबलो? मी सारखा पंख्याकडेच बघत होतो!"

"खरं हाय, सरकार. मग पंख्याचंबी तसंच की! टोकाला गेला, की त्याचीबी पापणी लवते. म्हणून तो काय वारा घालायचा थांबतो?"

दाराशी उभ्या लिंबाजीने डोळे गच्च मिटून घेतले. महाराजांनी पंख्याकडे पाहिलं, पापणी लवली. ठकूकडे पाहिलं, पुन्हा लवली. आणि एकदम खदखदून हसू लागले.

"हरलो! लिंब्या, तुझी नोकरीही कायम आणि खोलीही कायम! पोरी, माग काय हवं ते."

"बाच्या जोडीला आणखी एक माणूस द्या, सरकार. एकाचा हात भरला, की दुसऱ्यानं ओढावं."

"दिला! आणि तुला जरीकाठी लुगडं!"

महाराजांचं ते हसणं दरबार उठेपर्यंत अखंड चाललं होतं. मधूनमधून दम घ्यायला थांबत होते, एवढंच!