खांदेमळणी

एकदा एका राज्याचे शेजारच्या राज्याशी असलेले जुने वैर मिटले. पिढ्यान् पिढ्या चाललेली लढाई थांबली, तह झाला, दोन्ही राजांनी एकमेकांपुढे विड्याचे तबक धरले. फार चांगली गोष्ट झाली. तह घडवून आणला होता राज्याच्या तरुण प्रधानाने. राजाने त्याला शालजोडी दिली. ज्यांनी तहाचा मसुदा लिहिला त्यांना शालजोड्या मिळाल्या आणि लिहिणाऱ्यांवर ज्यांनी नुसता पंखा हलवला, तेही काही रिकाम्या हाताने परतले नाहीत.

मग प्रधानाची नजर सीमेवरच्या डोंगरी किल्ल्याकडे वळली. शत्रूच उरला नाही, तर राखणीला एवढे शिपाई कशाला पोसायचे? हुकूम सुटला. शिपायांनी तलवारी, ढाली आणि अंगावरची सरकारी घोंगडी दरवाजात जमा करावी आणि पोळ्यानंतर किल्ल्यावरची घरे रिकामी करून चालते व्हावे. अहो, भर पावसाळ्यात! घोंगडीसुद्धा! हुकमावर शिक्का उठवणाऱ्याच्या अंगावर शालजोडी होती, त्याला कशाला थंडी वाजेल?

किल्ल्याखाली मोठा माळ होता. चालून येणारा शत्रू तटावरून दिसावा म्हणून त्या माळावर कधी पीक उभे राहू दिले नव्हते. आता भय सरले, तेव्हा तिथे राजघराण्यासाठी बाग करावी, मध्ये कारंजे उडवावे, असा बेत प्रधानाने मनाशी योजला होता.

त्या किल्ल्यावर रायाजी नावाचा एक नाईक होता. त्याचा बाप याच तटावर म्हातारा झाला, त्याचा एकुलता मुलगा याच तटावर पडला. घरात बायको, विधवा सून आणि तिच्या कडेवरचे लेकरू. "आम्ही जायचं कुठं?" असे त्याने किल्लेदाराला विचारले. "आता युद्ध नाही, आनंद करा," असे उत्तर मिळाले. गरज सरो, वैद्य मरो! रायाजीला किल्ल्याबाहेर ना घर होते, ना गाव. काय करावे ते सुचेना, तेव्हा तो गड उतरून पायथ्याशी राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांकडे गेला.

हे आचार्य म्हणजे प्रधानाचे गुरू. नदीकाठी थोडी शेती करीत आणि शिष्यांना शिकवीत. त्यांनी रायाजीचे सगळे ऐकून घेतले, त्याला ओसरीवर बसवले, पुढ्यात भाकरी ठेवली आणि म्हणाले, "जेवा नाईक. आज खांदेमळणी आहे. माझा शिष्य येईलच."

पोळ्याच्या आदल्या दिवशी, वर्षभर जू वाहून सोलवटलेले बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळतात. मग बैलाच्या कानाशी लागून सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' शिष्य असताना प्रधानाकडे हे काम होते. प्रधान झाला तरी त्याने ते सोडले नाही. दरवर्षी तो यायचा आणि हरण्या नावाच्या म्हाताऱ्या बैलाचे खांदे आपल्या हातांनी मळायचा. त्याचा त्या बैलावर खरोखर जीव होता.

त्या दिवशी तो अंगणात शिरला आणि जागीच थबकला. आचार्य हरण्याची वेसण सोडत होते. त्यांनी घुंगरमाळ उतरवली, पाठीवरची झूल ओढून घेतली आणि काठी उगारून बैलाला फाटकाबाहेर हाकलले. हरण्या दोन पावले गेला, वळला, आणि परत येऊन भिंतीला टेकवलेल्या जुवाशी मान खाली घालून उभा राहिला. आचार्यांनी त्याला पुन्हा हाकलले.

"गुरुजी! अहो, हे काय करता?" प्रधान धावला. "आज खांदेमळणी, आणि तुम्ही हरण्याला बाहेर काढता?"

"पेरणी झाली, कोळपणी झाली. पीक कसं डोलतंय बघ. आता याला बसून वैरण का घालू?"

"पण पीक डोलतंय ते कोणामुळे?"

"माझ्यामुळे. तिफण मी धरली होती."

"आणि ओढली कोणी?" प्रधानाचा आवाज चढला. "त्याच्या मानेवरचा घट्टा बघा! जन्मभर जुवाखाली गेला बिचारा, त्याला दुसरं काय येतं? पावसात कुठं जाईल तो? आणि झूलही काढून घेतलीत?"

"झूल माझी आहे."

"गुरुजी, लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण याला कृतघ्नपणा म्हणतात!"

आचार्यांनी काठी खाली टाकली.

"झालं बोलून? छान बोललास. आता हेच किल्ल्याच्या दरवाजात उभा राहून बोल."

प्रधानाने ओसरीकडे पाहिले. तिथे रायाजी नाईक उघड्या अंगाने बसला होता. त्याची घोंगडी आधीच जमा झाली होती.

"बाळ," आचार्य म्हणाले, आणि त्यांचा आवाज संतापाने कापत होता, "शिपाई कमी करू नकोस, असं मी म्हणणार नाही. तरणी पोरं मरायची थांबली, याचा आनंद या रायाजीइतका कोणाला होणार? त्याने मुलगा दिलाय. पण तह तुझ्या बोरूने झाला, असं तुला वाटतं? शेजारी हा तट चढता चढता थकला, म्हणून तुझ्यासमोर बैठकीला बसला. थकवला कोणी त्याला? ज्यांनी थकवला त्यांची घोंगडी ओढून घेतोस? लाज नाही वाटली? बैलासाठी तुझा जीव तुटला, कारण त्याचे खांदे तू आपल्या हातांनी मळलेस. या माणसांच्या खांद्याला कधी हात लावलास का?"

प्रधानाने मान खाली घातली. त्याने फाटकाबाहेर जाऊन हरण्याला आत आणले आणि झूल त्याच्या पाठीवर घातली. मग लोण्याची वाटी उचलून तो ओसरीपाशी गेला. रायाजीच्या खांद्यावर ढालीच्या पट्ट्याने पडलेला काळा घट्टा होता. प्रधानाने लोण्याची बोटे पुढे केली.

रायाजी मागे सरला.

"नको सरकार. बैलाला लोणी लावतात ते त्याला गोठ्यात ठेवायचं असतं म्हणून. आम्हाला उद्या बाहेरच काढायचं, तर लोणी कशाला नासता?"

प्रधानाला कानफटात बसल्यासारखे झाले. आचार्य हरण्याला घुंगरमाळ बांधू लागले. या वेळी ते शिष्याच्या मदतीला येणार नव्हते.

"मग काय देऊ, नाईक?" शेवटी प्रधानानेच विचारले.

"तटाखालचा माळ द्या. बापापासून आम्ही त्या माळावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. तिथं गवताच्या काडीआडसुद्धा कुणाला लपू दिलं नाही. आता शत्रू यायचा नसेल, तर तिथं ज्वारी उभी राहिली म्हणून काय बिघडलं? आमची आम्ही पिकवू. तुमच्या दारात येणार नाही."

प्रधानाला बाग आठवली, कारंजे आठवले.

"माळ तुमचा," तो म्हणाला. "किल्ला सोडणाऱ्या प्रत्येक शिपायाचा त्यात वाटा. पहिलं पीक घरात येईपर्यंत किल्ल्यावरचं एकही घर रिकामं होणार नाही. घोंगड्या आजच परत मिळतील."

रायाजीने त्याच्याकडे निरखून पाहिले. आचार्यांकडे पाहिले. आचार्यांनी हळूच मान हलवली. मग म्हातारा नाईक पुढे सरकला आणि त्याने आपला खांदा प्रधानासमोर वाकवला.

"आता लावा लोणी, सरकार. दुखतोय खरा."

तेव्हा सज्जनहो, शांततेच्या मेजवानीला अवश्य जा. फक्त पहिले आवतन कोणाला गेले, तेवढे दारातच विचारून घ्या.