तिसरी पायरी

"पण माझं काम परत का पाठवलंत, एवढंच सांगा."

हे विचारायला ऋत्विज दाणी पुण्याहून मिरजेला आला होता. चपला काढायच्या आधीच त्यानं विचारलं.

नाडगौडाबाईंनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. 

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर बाईंनी एक प्रोग्राम लिहिला होता. संगणकावरचा मराठी मजकूर तो अंधांना वाचून दाखवी. तो फुकट होता आणि त्याचा कोड सर्वांना खुला होता. कुणीही तो बघावा, सुधारावा, बाईंकडे पाठवावा. बाई तपासत, पटलं तर मूळ प्रोग्राममध्ये घेत.

ऋत्विजनं तीन हजार ओळी पाठवल्या होत्या. आवाजाचा अख्खा भाग त्यानं नव्यानं लिहिला होता. बाईंनी एवढंच कळवलं होतं, की आधी प्रोग्राम वापरून बघा.

ते त्याला झोंबलं होतं. नऊ वर्षं तो नोकरीत प्रोग्राम लिहिण्याचंच काम करत होता. त्याच्या हाताखाली बारा माणसं होती.

"वापरलाय मी," तो म्हणाला.

"कुठल्या मशीनवर?"

"माझ्या."

बाईंनी कोपऱ्यातला जुना संगणक चालू केला आणि प्रोग्राम बसवायच्या सूचनांचं पान उघडून दिलं. यात लिहिलंय तसंच करा, म्हणाल्या, मनाचं काही नको. मग त्या पावटे सोलायला बसल्या.

दोन पायऱ्या सरळ पार पडल्या. तिसरीत जी फाइल उघडायला सांगितली होती, ती कुठेच नव्हती.

तो तासभर शोधत राहिला. दोनदा बाईंकडे बघितलं. त्या सोलतच होत्या.

शेवटी छडा लागला. फाइलचं नाव दोन वर्षांपूर्वी बदललं होतं, पानावर जुनंच राहिलं होतं. ऋत्विजचा पारा चढला. असा गलथानपणा आपण कुठे पाहिला नाही, नवा माणूस इथूनच निघून जाईल, असं त्यानं बाईंना ऐकवलं.

"जातात ना."

"किती?"

"गेलेले सांगायला थांबत नाहीत."

…

तेवढ्यात फोन वाजला. अंध मुलींच्या शाळेतले शिकलगार सर होते. मुलींची परीक्षा आठ दिवसांवर आली होती, शाळेला सहा संगणक मिळाले होते आणि सर परवापासून तिसऱ्या पायरीवर अडकले होते. ते रडकुंडीला आले होते.

बाईंनी फोन ऋत्विजच्या हातात दिला.

त्यानं नवं नाव सांगितलं. पुढच्या पायऱ्याही एकेक करून सांगितल्या. थोड्या वेळानं पलीकडे तो प्रोग्राम खरखरीत आवाजात धडा वाचू लागला, आणि मागे मुलींचा एकच गलका झाला.

गलका थांबेपर्यंत ऋत्विजनं फोन कानाला धरून ठेवला.

मग बसला आणि पानावरचं नाव दुरुस्त करून बाईंना पाठवलं. हात घातलाच होता म्हणून सगळ्या पानाची मांडणीही बदलली.

बाईंनी समोरच आपल्या संगणकावर बसून ते परत पाठवलं. एका वेळी एकच गोष्ट, असा शेरा मारून.

त्यानं दात आवळले. मांडणी पूर्ववत केली, पुन्हा पाठवलं. तेही परत आलं. काय बदललं ते लिहिलंत, का बदललं ते लिहिलं नाही, असा या वेळचा शेरा होता.

त्यानं कारण लिहिलं. शिकलगार सरांचा फोन, सहा संगणक, सगळं दोन वाक्यांत.

बाईंनी ती दुरुस्त ओळ मूळ पानात घेतली.

सकाळपासूनच्या मेहनतीतून एक शब्द बदलला होता. ऋत्विजनं खुर्ची मागे ढकलली.

"आता तरी मी यातला झालो का?"

बाई उठल्या. आपल्या संगणकासमोरची जागा त्यांनी मोकळी केली.

"चौदा जणांनी पाठवलेल्या सुधारणा महिनाभर तपासायच्या पडून आहेत. सगळे चिडलेत. बसा."