गव्हाच्या काडाची वांगी

झाडं एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या एका वाफ्यात मररोग शिरला. तो मातीतून मुळांत चढे आणि हिरवंगार झाड बघता बघता मान टाकी. शेजारची दोन्ही वांग्याची झाडं गेली, तेव्हा जांभळी नावाचं वांग्याचं झाड एकटंच उरलं.

बांधावर गव्हाचं काड पडलं होतं. ते म्हणालं, "जांभळे, मला तुझ्या मुळांशी घे."

"तू तर वाळून गेलंस. तू काय लढणार?"

"मी नाही लढणार. मातीत चांगल्या बुरश्याही आहेत, पण त्या उपाशी आहेत. मी त्यांचं जेवण होईन."

जांभळीला भरून आलं. तिने गांडुळांना हाक मारली. त्यांनी काड मातीत ओढून नेलं. ते हळूहळू कुजलं आणि पोटभर जेवलेल्या बुरश्या मुळांभोवती दाट पसरल्या. मररोग पुन्हा चाल करून आला, पण त्याला शिरायला फट सापडेना. शेवटी हात हलवत तो माघारी गेला.

त्या हंगामात जांभळी वांग्यांनी लगडून गेली. साळुंकीने विचारलं, "कुणाची गं एवढी वांगी?"

जांभळी अभिमानाने म्हणाली, "निम्मी गव्हाची."