टेकडीवरचा चारा

माळरानावर फक्त मेंढरांचंच राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. चांगल्या पावसाच्या वर्षी सगळ्या मेंढ्यांनी तोंडचा घास बाजूला काढून टेकडीवर चाऱ्याची गंजी रचली होती. दुष्काळात कुणी उपाशी राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. राखणीला रंगराव एडका आणि त्याचे दोन-तीन सोबती नेमले.

पुढे दुष्काळ पडला. रंगरावाने जाहीर केलं, "चारा फक्त अशक्तांना मिळेल. आपण अशक्त आहोत हे त्यांनी टेकडीवर येऊन दाखवावं."

भुरी नावाची मेंढी धापा टाकत वर पोचली. तिचं दूध आटलं होतं आणि खाली तिचं कोकरू भुकेनं ओरडत होतं.

"आबा, घासभर तरी द्या," ती म्हणाली.

"एवढा चढ चढून आलीस, म्हणजे धडधाकट आहेस की!" तोंडातलं गवत चावत रंगराव म्हणाला.

"आणि ज्यांना उठवतच नाही, त्यांचं काय?"

"ते आलेच नाहीत. म्हणजे त्यांना गरज नसणार."

इतका काटेकोर न्याय पाहून भुरी खाली गेली आणि चालू शकणाऱ्या सगळ्या मेंढ्यांना घेऊन परत आली.

"वा! सगळ्याच धडधाकट!" रंगराव म्हणाला.

"तुम्ही म्हणताय तर असूच," भुरी म्हणाली. मग सगळ्यांनी मिळून एडक्यांना बाजूला ढकललं, चारा ओढत खाली नेला आणि ज्यांना उठवत नव्हतं त्यांच्यापुढे सगळ्यात आधी टाकला.

पाऊस आल्यावर रंगराव शेजारच्या कळपांना छाती फुगवून सांगू लागला, "आमच्याकडे वाटप अगदी घरपोच झालं."